जुना पार्ट वापस घेजो

आमच्या मागच्या पडवीत पत्र्याची एक कोठी आहे. पूर्वी तिच्यात ज्वारी असायची. मग ज्वारी गेली, सोयाबीन आलं, ते घरात न थांबता वावरातून थेट बाजारात जाऊ लागलं आणि कोठी रिकामी झाली. आता तिच्यात माझी गाडी आहे. सगळी नाही, सगळी मावली असती तर आमच्या हिनं केव्हाच झाकण लावून वर पाटा ठेवला असता. पण दोन क्लच प्लेटा, एक प्रेशर प्लेट, चार नोझल, शॉकअपची जोडी, सायलेन्सरचा शेपटाकडचा तुकडा, मोजायचे सोडून दिलेले क्रॉस, म्हणजे चाकांकडं जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले, आणि एक अख्खा सेल, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, एवढा ऐवज आत आहे. प्रत्येकावर पांढऱ्या पेंटनं तारीख आणि खर्च लिहिलेला. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

हा साठा बाबांमुळे झाला. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. बंडी आणि सायकल सोडून तिसऱ्या वाहनावर त्यांचा विश्वास नव्हता. 2011 साली मी जुनी गाडी घेऊन दारात उभी केली, तेव्हा बाजारात बैलाभोवती मारतात तशी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, चाकाला पायानं टोचून पाहिलं आणि म्हणाले, "सुधरवाले टाकशीन तवा जुना पार्ट वापस घेजो. नाहीतं जुनाच धुऊन लावते अन् नव्याचे पैसे घेते."

बैलाचे दात पाहतात, गाडीचे काय पाहायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मीटरवर 98 हजार किलोमीटर होते आणि मी खूश होतो. पुढं गॅरेजच्या मिस्त्रींनी दाखवलं. क्लचच्या पॅडलवरचं रबर मधोमध गुळगुळीत होऊन खालचं लोखंड चमकत होतं. "मीटर मांगं घेता येते गुरुजी, पायाचं घासनं मांगं नाही घेता येत." पण तोवर दोन लाख दहा हजार देऊन झाले होते.

गाडी कुठल्या कंपनीची, ते सांगत नाही. जुन्या बाया धन्याचं नाव घेत नसत, तसंच हे. हिला एसयूव्ही म्हणतात हेही मला पोरानं सांगितलं. आम्ही जीपच म्हणायचो. 1994 साली टाटांची सुमो आली तेव्हा आमच्याकडं सगळ्यांनी गृहीत धरलं, की नाव जपानी पहिलवानांवरून आहे. खरं तर ती सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावातली इंग्रजी अक्षरं. मग 2000 ला महिंद्राची बोलेरो, 2002 ला स्कॉर्पिओ. पुढाऱ्यांनी त्या बसायला घेतल्या, आमच्यासारख्यांनी पाच-सात वर्षांनी त्यांच्याकडून कापूस न्यायला घेतल्या. माझी त्याच जमान्यातली, 2004 ची.

पहिल्यांदा मिस्त्रींकडं गेलो ते क्रॉस वाजतो म्हणून. काम झाल्यावर म्हटलं, "जुना क्रॉस द्या." मिस्त्रींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नात जेवून उठल्यावर कोणी ताट मोजून मागावं. बोलले काहीच नाहीत. ऑइलनं माखलेला क्रॉस कागदात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. त्या दोन हातांचा अर्थ मला पुरता कळला होता. पण बाबा घरी वाट पाहत बसले होते.

तेव्हापासून ते न मागता देतात. मात्र ह्या देण्यातही एक राजकारण आहे, हे समजायला मला तीन-चार वर्षं लागली. जो पार्ट भंगारात शून्य किमतीचा, तो धुऊन-पुसून, कधी पिशवीत घालून मिळतो. रेडिएटर बदलला त्या दिवशी मात्र मिस्त्री एकदम घाईत होते. "थे खोकं इथंच राहू द्या, तुमाले घरी न्याले जड पडन." जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ असतं, हे तोपर्यंत मी ऐकून होतो. पण म्हटलं जाऊ द्या. इतक्या क्रॉसच्या बदल्यात एक रेडिएटर.

तो रेडिएटर बदलायची वेळ कापसानं आणली. आमच्याकडं दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्यानं जा, दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागलेला दिसेल. गाड्यांवरून उडालेली पिंज काट्यांत अडकते. तीच रेडिएटरच्या जाळीत बसते, वरून धूळ, वरून एखादा चिखलाचा थर. आमची काळी माती पावसाळ्यात जिथं चिकटते तिथून उलंगवाडीपर्यंत, कापूस वेचून संपेपर्यंत, हलत नाही. मग हवा शिरत नाही आणि 45 डिग्रीच्या उन्हात काटा वर चढतो. मिस्त्रींनी जाळी पुढून काढली तर आत अंगुळभर जाडीची गादी तयार झालेली. त्यांनी ती अलगद सोलून काढली, हातावर उलटीपालटी केली आणि म्हणाले, "लेकराची उशी होते हिची."

मिस्त्रींची 'दुपार' हा वेगळा विषय आहे. "दुपारपर्यंत देतो" म्हणतात तेव्हा कुठल्या दिवशीच्या, ते विचारायचं नसतं. सकाळी दहापासून संध्याकाळी दिवे लागेपर्यंत दुपारच असते. एकदा खांडेनवमीच्या आदल्या दिवशी माझी गाडी त्यांनी उघडली. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळे पाने, गोट्या, पेचकस, हातोडे पाटावर ओळीनं मांडलेले, हळद-कुंकू लावलेलं, वर झेंडू. माझ्या गाडीला लागणारा पानाही त्यातच. देवाला बसलेला पाना कसा उचलणार? तिसऱ्या दिवशी दसरा. गाडी चौथ्या दिवशी मिळाली, बोनेटवर सुकलेल्या हारासकट. पूजेचे पैसे त्यांनी लावले नाहीत, एवढं मात्र खरं.

पण मी त्यांना सोडून दुसरीकडं गेलो नाही, त्याला एक रात्र कारण आहे.

एप्रिलमधलं लग्न होतं. दिग्रसहून दारव्ह्याकडं परत येत होतो. गाडीत सात माणसं, त्यात आमची मावशी. रात्रीचे साडेअकरा. गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि बंद. सेल फिरतोय, इंजिन धरत नाही. मिस्त्रींना फोन लावला. तिकडून पंख्याचा आवाज, मग खोकला, मग आवाज.

"बोनेट उघडा. फिल्टरच्या डोक्यावर बटनासारखा पंप असते, थो दाबून पाहा. कडक लागते का नरम?"

"नरम."

"एअर घेतली तिनं. बाजूचा नट दहाच्या पान्यानं ढिला करा. काढू नोका, ढिला. अन् पंप मारत राहा. पह्यले फेस येईन. फेस सरून नुस्तं डिझल आलं का नट कसून टाका."

मोबाईलचा टॉर्च भाच्याच्या हातात, पाना माझ्या. नट अर्धा आटा फिरवला आणि पंप दाबू लागलो. आधी नुसतीच फुसफुस. मग नटाच्या कडेनं साबणासारखा पांढरट फेस. बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आला. विसेक वेळा दाबल्यावर फेसाचे बुडबुडे मोठे झाले, मग विरळ झाले, आणि मग एकाएकी साधं, पिवळसर, गार डिझेल. पंपही अंगठ्याखाली दगडासारखा कडक लागला. नट कसला. चावी फिरवली आणि गाडी सुरू. मावशीनं गाडीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

पाच किलोमीटरवर पुन्हा बंद.

"मंग पाइप चिरला," मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, खाली एक थेंबही सांडलेला नाही. "सांडन कसा? थो ओढनारा पाइप हाये. ओढनाऱ्या पाइपातून डिझल भायेर येत नाही, हवा आत जाते." आयुष्यभर पोरांना शास्त्र शिकवलं आणि हे रात्री बारा वाजता, रस्त्यावर उकिडवं बसून कळलं. फिल्टरकडं येणाऱ्या रबरी पाइपाच्या तोंडाशी, क्लिपच्या बरोबर मागं, केसाएवढी चीर होती. "दोन बोटं कापून टाका अन् पुन्हा चढवा. पाइप लांब हाये, पुरते."

कापायला काही नाही. आहेर होते, अत्तराच्या बाटल्या होत्या, लाडूंचा डबा होता. सुरी नव्हती. शेवटी मावशीनं चंची सोडली आणि नाखुशीनं अडकित्ता पुढं केला. त्या अडकित्त्यानं डिझेलचा पाइप दोन बोटं कापला, एकदम सुपारीसारखा, सरळ. पुन्हा एअर काढली आणि घरी येईपर्यंत गाडी थांबली नाही. मावशी वर्षभर म्हणत होती, सुपारीला वास येतो. मिस्त्री फोनवर चाळीस मिनिटं होते. दुसऱ्या दिवशी पैसे विचारले तर म्हणाले, "पाना तं तुम्ही फिरवला."

हल्लीच्या गाड्यांना असं फोनवर बरं करता येत नाही. त्यांना संगणक जोडावा लागतो, तो बोलतो मग मिस्त्री बोलतो. आमचे मिस्त्री अजून पेचकसचं टोक इंजिनवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. पलीकडच्या गाळ्यातला पोट्टा हातात स्कॅनर घेऊन बसतो. अडलं तर तोही ह्यांना बोलावतो, कानासाठी.

त्यांच्या गॅरेजच्या मागून शकुंतला रेल्वेचे रूळ जातात, यवतमाळ–मूर्तिजापूर लाइनचे. आता गवतात बुडालेत. 1921 साली मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन त्यांच्यावरून 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. मिस्त्रींना कोणी म्हटलं की ही गाडी आता काढून टाका, की ते त्या गवताकडं बोट करतात. माझी गाडी त्या हिशेबानं अजून मिसरूड न फुटलेली. सरकारचा हिशेब वेगळा. खासगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, पहिली 15 वर्षं चालतं, पुढं दर 5 वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, वर पर्यावरण कर. 2019 ला नूतनीकरणाचे 600 रुपये भरले. 1 एप्रिल 2022 पासून त्याचे 5000 झाले, म्हणून 2024 ला पाच हजार. त्या रकमेत मिस्त्री मला क्लच प्लेट बसवून देतात, हे खिडकीवर सांगून उपयोग नव्हता.

कोठीतला माल तसाच पडून राहतो असंही नाही. मागच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा लोहाराकडं दिला, त्याचे दोन विळे झाले. बाजारच्या विळ्यापेक्षा दुप्पट धार धरतात. जळकं ऑइल दाराच्या चौकटीला लावतो, उधई येत नाही. चाकाच्या बेरिंगा शेजारच्या पोरांनी नेल्या आणि फळीची गाडी केली. ती गाडी उतारावरून इतका आवाज करत जाते, की आमची झोप मोडते. तक्रार कुठं करणार? पार्ट आमचाच. बाबा शेवटच्या आजारपणात बाजेवर पडल्या पडल्या विचारायचे, "ह्या खेपी काय निंघालं?" मी दाखवायचो. ते हातात घेऊन वजन पाहायचे आणि मान हलवायचे.

गेल्या कापसाच्या हंगामात सकाळी चावी फिरवली तर काहीच नाही. टक् सुद्धा नाही. मिस्त्री म्हणाले, सेल बरा आहे, त्याच्या डोक्यावरचा सोलेनॉइड, तो चुंबकाचा खटका, गेला. यवतमाळच्या दुकानदारानं सांगितलं, नुसता सोलेनॉइड येत नाही, अख्खा सेल घ्या, तोही नागपूरहून, चार दिवसांनी. आठ दिवस गाडी मारुतीच्या देवळाच्या उतारावर लावत होतो, सकाळी सोडली की गिअरमध्ये सुरू. गावाला वाटलं, गुरुजी देवाला लागले.

नवव्या दिवशी मिस्त्री स्वतःच घरी आले. पहिल्यांदाच. चपला काढल्या आणि सरळ विचारलं, "थे कोठी कुठं हाये?"

झाकण उघडून ते बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग आत वाकले. एक क्रॉस काढला, ठेवला. प्रेशर प्लेट काढली, बोटानं वाजवली, ठेवली. तळाशी तो जुना सेल होता. त्याचा सोलेनॉइड त्यांनी तिथंच ओट्यावर बसून सोडवला, गाडीच्या बॅटरीपासून दोन वायरी ओढल्या, एक अंगाला टेकवली आणि दुसरी बारक्या बोल्टला. टक्! आतला दट्ट्या गोगलगाईसारखा आत गेला. वायर काढली, बाहेर आला. पुन्हा टक्.

"हा तं एकदम चांगला हाये जी!" मिस्त्री खूश झाले. "सेलही साफच दिसते. कोनं बदलवला होता हा?"

ही चहा घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडं पाहायला लागली, मी चहाकडं. मिस्त्रींनी सेल उचलून उजेडात धरला. ऑइलच्या थराखाली पेंटची अक्षरं होती. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि सावकाश वाचली. 14-8-2017. खाली रक्कम. त्याखाली, माझ्याच अक्षरात, "मिस्त्री म्हणाले पूर्ण गेला."

अंगठ्याच्या नखानं त्यांनी शेवटचा शब्द जरासा खरवडून पाहिला. निघाला नाही.

"त्या टायमाले बॅटरी कमजोर असन," ते म्हणाले, आणि हात पुढं केला. "तेराचा पाना द्या."