स्वे बार पोकळ की भरीव? एका आकड्यासाठी आठवडा गेला

लोड भरून वळण घेतलं की ट्रक असा कलायचा की पोटात गोळा यायचा, म्हणून मूळचा २८ मिमीचा भरीव स्वे बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा, पीळ घेऊन गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) बदलायचं ठरवलं. पर्याय दोनच, ३२ मिमी भरीव किंवा ३५ मिमी पोकळ. मेकॅनिक म्हणाला भरीवच घ्या, पाइप तो शेवटी पाइपच. तेव्हा मलाही पटलं.

पण मग गणित बघितलं. बारला पीळ बसतो तेव्हा जोर बाहेरचा थर घेतो, मधलं लोखंड बहुतेक नुसतं ओझं. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, आणि बार पोकळ असेल तर त्यातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करायचा. म्हणजे पाइपची जाडी माहीत नसेल तर नुसत्या ३५ ला काही अर्थच नाही, आणि नेमकी तीच कुठे लिहिलेली नव्हती!

विक्रेत्याला विचारलं जाडी किती. "हेवी ड्यूटी आहे सर." परत विचारलं. "बाहेरून ३५ मिमी." अहो ते मला पण दिसतंय! तिसऱ्यांदा म्हणे, "स्पेशल स्टील आहे, जाडीचं टेन्शन घेऊ नका." आता स्टील चांगलं असलं तर बार लवकर थकून तुटत नाही, पोकळ बारला ते हवंच, पण स्टील बदललं म्हणून कडकपणा काही वाढत नाही. हे फोनवर समजावत बसलो तर समोरच्याने ईमेल करा सांगितलं. ईमेल केला. आठवडा गेला, उत्तर नाही.

शेवटी वैतागून परत फोन केला आणि नुसतं वजन विचारलं, ते मात्र तोंडपाठ! ७.४ किलो. मग जुन्या बारला वळणांसकट सुतळी लावून लांबी मोजली, जवळपास २ मीटर भरली, नव्याचा आकार तोच. ३५ मिमीच्या पाइपची जाडी ५ मिमी असेल तर मीटरला ३.७ किलो, ४ मिमी असेल तर ३.१. म्हणजे ५ मिमीच! काय खूश झालो म्हणून सांगू. ५ मिमीवाला ३२ भरीवपेक्षा साधारण ६ टक्के जास्त कडक आणि वजनाला ४० टक्के हलका. ४ मिमी असता तर उलट ८ टक्के कमी कडक. बाहेरचा व्यास सारखाच असता तर मात्र मेकॅनिकचं बरोबर होतं, तिथे भरीवच कडक.

घेतला पोकळ. बसवणं एका दुपारचं काम, फक्त बुश (बार धरून ठेवणारे रबरी तुकडे) ३५ चेच लागतात, जुने चालत नाहीत, ते आधीच मागवा (मी विसरलो होतो). आता वळणावर कलणं बरंच कमी झालंय. ईमेलचं उत्तर बार बसल्यावर आलं, "जाडी मॉडेलनुसार बदलते." धन्यवाद!

आणि हो, लिंकचे (बारची टोकं चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे) नट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नका, चाकं जमिनीवर टेकली की मग शेवटचं आवळा.