आमची वाटचाल : भाकरीपासून वाटाण्यापर्यंत

शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मी अकरा वर्षं काढली. काम जिग-फिक्श्चरचं, म्हणजे पीस दर वेळी एकाच जागी पकडून ठेवणाऱ्या साधनांचं. तिथले मिस्त्री म्हणायचे, "पीस चुकला तर चुकू दे, पण रोज एकाच मापानं चुकू दे." तेव्हा आम्ही हसायचो. पुढं याच वाक्यावर आपलं घर चालणार आहे, हे कुठं ठाऊक होतं?

२०१४ मध्ये मुलीच्या हट्टापायी लेगोचं ईव्ही३ हे रोबो बांधायचं किट घेतलं. तिच्या तीन मैत्रिणी घराच्या माडीवर जमायला लागल्या. वर्षभरात पोरं बारा झाली आणि मी नोकरी सोडली. त्या रात्री घरात काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

पोरांना रोबोच्या स्पर्धेसाठी तयार करायचं, हेच आता माझं काम. स्पर्धा कोणती, तर फर्स्ट लेगो लीग. आठ बाय चार फुटांचं प्लायवूडचं टेबल, त्यावर छापील मॅट, मॅटवर लेगोची मॉडेल्स. मुलांनीच बांधलेला आणि मुलांनीच प्रोग्राम केलेला रोबो अडीच मिनिटांत जमतील तेवढी कामं उरकतो. रिमोट नाही. बटण दाबलं की तो आणि त्याचं नशीब.

पहिल्या वर्षी आमचं नशीब हॉलमध्येच फुटलं. घरी दहापैकी नऊ वेळा बरोबर थांबणारा रोबो तिथं मॉडेल ओलांडून थेट भिंतीवर. पोरं माझ्याकडं बघतायत, मी टेबलाकडं. चूक माझीच होती. पॉवर शंभरवर ठेवून "अडीच सेकंद पुढं जा" असा प्रोग्राम मीच शिकवला होता. घरी बॅटरी कायम अर्धी उतरलेली, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री मीच ती मोठ्या प्रेमानं फुल चार्ज केली. शंभरच्या पॉवरवर मोटरचा वेग बॅटरी ठरवते. तेवढ्याच सेकंदात गाडी जास्त लांब जाणार, यात नवल काय?

तेव्हापासून आमच्याकडं सेकंद बंद. अंतर चाकाच्या फेऱ्यांत मोजायचं. ५६ मिमीचं चाक एका फेरीत १७.६ सेंमी जातं, हे आमच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. पॉवर साठच्या आसपास, म्हणजे बॅटरी थोडी उतरली तरी मोटर आपला वेग धरून ठेवते.

दुसरी गोष्ट टूलरूममधून उचलली. रोबोच्या मागं बॉलपेनाची कांडी बांधायची, फरशीवर कागद चिकटवायचा आणि एक मीटरची तीच धाव दहा वेळा मारायची. जिथं थांबेल तिथं ठिपका. सगळे ठिपके एका जागी पडले पण जागा दोन सेंमी चुकली, तर उत्तम, प्रोग्राममध्ये आकडा बदला. ठिपके विखुरले तर लॅपटॉपला हात लावायचा नाही. आधी रोबो उलटा करायचा. बहुतेक वेळा रोग तिथंच सापडतो. अ‍ॅक्सलवर बुश (चाक जागेवर धरणारी छोटी कडी) घट्ट दाबून बसलेला, टायरवर धूळ, नाहीतर मागच्या लोखंडी गोळीत केस गुंतलेले. (केस कुणाचे यावर दर वर्षी भांडण.) ठिपक्यांच्या पसाऱ्याची मापं पोरांनीच पाडली: भाकरीएवढा, पुरीएवढा, लिंबाएवढा, वाटाण्याएवढा. वाटाणा आल्याशिवाय पुढचं मिशन नाही.

पालक विचारतात, "सर, स्पर्धेत तीन फेऱ्यांतली बेस्टच धरतात ना? मग एवढा काथ्याकूट कशाला?" मी वहीवर हिशेब मांडतो. एका धावेत दहा कामं, प्रत्येक काम दहापैकी नऊ वेळा जमतं. मग सगळी दहा एका धावेत जमायची शक्यता किती? जेमतेम ३५ टक्के. तेच काम शंभरात ९८ वेळा जमवलं तर ८२. उरलेल्या फसलेल्या धावांना टूलरूममध्ये रिजेक्शन म्हणतात, आणि त्यापायी रात्रपाळ्या काढाव्या लागतात.

जायरोनं, म्हणजे रोबो किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरनं, आम्हाला वर्षभर छळलं. ईव्ही३चा जायरो चालू होताना रोबो जरा जरी हलला, तर पुढं रोबो जागेवर उभा असतानाही कोनाचा आकडा सरकत राहतो. एक अंश चुकला की एक मीटरवर जवळजवळ १७ मिमी फरक. शेवटी पोरांनी साधा तोडगा धरला: मधेमधे भिंतीला पाठ टेकवून रोबो सरळ करून घ्यायचा. भिंत लांब असेल तर दोन कलर सेन्सरनी काळी रेघ पकडायची, ज्या बाजूला काळं दिसेल त्या बाजूचं चाक थांबतं आणि रोबो रेघेवर सरळ होतो. काळं-पांढरं मात्र स्पर्धेच्या हॉलमधल्या उजेडातच नव्यानं शिकवायचं, घरच्या ट्यूबलाइटचं माप तिथं लागू पडत नाही.

धंद्याचं म्हणाल तर एक मोठं काम आम्ही हातानं घालवलं. एका शाळेला रोबो तयारच हवा होता, मुलांनी फक्त बटण दाबायचं. पैसे चांगले होते, आणि त्या वर्षी भाडं थकलेलं होतं. पण परीक्षक मुलांनाच विचारतात, रोबो इथं भिंतीला का टेकतो? पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला गळून पडतं. नाही म्हणालो. त्याचा पस्तावा भाडं भरेपर्यंत होता, नंतर नाही.

लॉकडाऊनमध्ये स्कूटरवरून घरोघर किट पोचवली. मग २०२१ मध्ये ईव्ही३ची विक्री बंद झाली आणि लेगोच्याच स्पाइक प्राइम किटकडं वळावं लागलं. अर्धे पैसे मेहुण्याकडून घेतले, ते अजून फिटतायत. नव्या हबमध्ये, म्हणजे रोबोचा मेंदू असलेल्या डब्यात, जायरो आतच असतो, त्यामुळं एक वायर आणि एक भांडण कमी.

सध्या दोन टीम आहेत. परवा सातवीतल्या पोरीनं कागद आणून दाखवला, "सर, काल लिंबू होतं, आज परत पुरी झाली." मी काही बोलायच्या आत तिनं रोबो उलटा केला होता. डाव्या चाकाचा बुश सैल करून तिनं पुन्हा दहा धावा लावल्या. मी निघालो तेव्हा सातवी धाव चालू होती.