गडावरचा वारा आणि आमचा माईक

पौष महिना लागला की आमच्या दासबोध वाचन मंडळात एकाच गोष्टीवरून वाजायचं. सज्जनगडावर माईक न्यायचा की नाही? गाडी, वर्गणी, कोण कुणाशेजारी झोपणार, यावर मतभेद झालेले आठवत नाहीत. माघ वद्य नवमीला दासनवमी, म्हणजे समर्थ रामदासांची पुण्यतिथी. त्या दिवसांत गडावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही आधीच जाऊन मुक्काम करून यायचो.

सोयींबद्दल कुरकुर करायला गडावर फारसा वाव नाही. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, देणगी ज्याच्या त्याच्या मनावर. नवीन आलेलं कुणीतरी पहाटे गरम पाण्याची चौकशी करायचंच. त्याला काही न बोलता शेजघर दाखवायला न्यायचं. तिथे समर्थांच्या पलंगाबरोबर, कुबडीबरोबर पाण्याचे दोन थोरले हंडे ठेवलेत. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी त्यांतून खालच्या उरमोडी नदीचं पाणी गडावर आणत. ते पाहून आलेला माणूस निमूटपणे गार पाण्याची बादली उचलतो. आणि दुपारी पंगतीत गव्हाची खीर पानात पडली की कसली थंडी अन् कसलं काय!

खरा प्रश्न आवाजाचा. उघड्यावर बसलो की वारा थेट माईकमध्ये शिरायचा. वाचणारा शांतपणे दासबोधातला समास वाचतोय आणि कर्ण्यातून मात्र ताडपत्री फडफडल्यासारखा आवाज. मग कुणीतरी माईकला रुमाल गुंडाळायचं. वारा थोपायचा, पण ‘स’ आणि ‘श’सुद्धा रुमालातच राहायचे.

आत बसलो तर वेगळंच दुखणं. उघड्या भिंती, फरशी, वर स्लॅब. सगळीकडून आवाज परत यायचा. दासबोधाची ओवी अशी की पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. घुमणाऱ्या खोलीत ती तिन्ही यमकं एकमेकांवर चढायची आणि तो आखूड चरण, ज्यात बहुतेकदा मुद्दा असतो, गोंधळात बुडून जायचा. असं ७,७५१ ओव्यांचं पारायण ऐकायचं म्हणजे कानांची परीक्षाच. त्यात अ‍ॅम्प्लिफायर भाड्याचा. मध्येच शिट्टी मारायचा.

यावर तोडगा काढला तो वायरवाले काकांनी. हे आमच्यातले, वीज खात्यातून निवृत्त झालेले, पिशवीत कायम टेस्टर आणि चिकटपट्टी. त्यांनी एके वर्षी कर्णा काढून टाकला. दोन छोटे स्पीकर आणले, ते श्रोत्यांच्या अगदी जवळ ठेवले, आवाज निम्म्यावर आणला. मग झोपायच्या गाद्या उचलून मागच्या भिंतीला उभ्या लावायला सुरुवात केली. बायकांना वाटलं, काका उन्हं दाखवायला काढताहेत. काकांनी एकदा टाळी वाजवून कान दिला, आणखी दोन गाद्या लावल्या, पुन्हा टाळी वाजवली. घुमणं निम्म्याने कमी! शब्द सुटे सुटे ऐकू येऊ लागले. इतक्या वर्षांत आमच्या वर्गणीतून झालेला हा सर्वांत चांगला खर्च, कारण त्यात खर्च असा काहीच नव्हता.

तरी माझं मत विचाराल तर गडावर ऐकावं ते राममंदिराच्या खाली, समाधीपाशी. जागा लहान, दगडी. आवाज लगेच परततो आणि मूळ आवाजात मिसळून जातो, त्यामुळे साधा गळाही भरदार वाटतो. तिथे आम्ही हळू आवाजात करुणाष्टकं म्हणायचो. एरवी मंडळात सुराबाहेर जाणाऱ्या दोघी-तिघीसुद्धा तिथे बरोबर लागायच्या. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला की माणूस सांभाळून म्हणतो. आपल्याकडे उत्सवात कर्णे लावून हीच गोष्ट आपण घालवून बसतो.

पण माईक अजिबात नको म्हणणाऱ्यांना सत्तरीतल्या आज्या गप्प करत. ‘तुम्हाला ऐकू येतं हो, आम्हाला ओठ हललेले दिसतात नुसते,’ हे एकीचं म्हणणं सगळ्यांना पटलं. त्यातून नियम ठरला. निरूपणाला माईक, सामुदायिक वाचनाला नाही. आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी पुढच्या रांगेत बसायचं. हा शेवटचा नियम आजवर एकाही आजीने पाळलेला नाही. टेकायला मागची भिंत हवी असते, आणि आता तर तिथे गाद्याही असतात.