चार किलो उतरायला लागलेला वेळ

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, 5.9 टक्के आले. 5.7 ते 6.4 ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी मानली जाते, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू न करता आधी चार किलो वजन कमी करण्यास सांगितले. माझी उंची 158 सेंटिमीटर आणि वजन 64 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 25.6 होता. भारतीयांसाठी 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून स्थूलता धरतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे रास्तच होते. चार किलो हा आकडा ऐकायला इतका लहान होता, की घरातल्या सगळ्यांनी दिवाळीपर्यंत काम होईल असे गृहीत धरले. प्रत्यक्षात गुढीपाडवा उजाडला. एवढा वेळ का लागतो हे मला सुरुवातीलाच कोणीतरी नीट समजावून सांगितले, त्यामुळेच मी अर्ध्यावर सोडून दिले नाही. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला कोणतेही पथ्य दिले नाही. महिन्याला घरात किती तेल लागते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आम्ही चौघे आणि तेल पाच लिटर. त्यांनी कागदावर मांडून दाखवले, की एका लिटर तेलात आठ हजारांहून अधिक कॅलरी असतात आणि महिन्याला एक लिटर कमी वापरले तर माणशी रोजच्या सुमारे 65 ते 70 कॅलरी आपोआप कमी होतात. तेव्हापासून फोडणीसाठी पळीऐवजी चमचा वापरू लागले. तीन वेळच्या चहातली साखर निम्म्यावर आणली, रात्रीची एक पोळी कमी करून त्या जागी मुगाची उसळ किंवा दही घेतले आणि सकाळी पाऊण तास चालणे सुरू केले. एकूण हिशेब रोज 250 कॅलरींच्या तुटीचा होता. यापेक्षा मोठी तूट लहानखुऱ्या बांध्याच्या बाईने धरू नये, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि चिडचिड होते ती वेगळीच, असे त्यांनी बजावले.

पहिल्या पंधरवड्यात काटा सव्वा किलोने खाली आला आणि घरात आनंदीआनंद झाला. बाईंनी मात्र त्यातले बहुतेक वजन पाण्याचे असल्याचे सांगितले. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी झाले की आधी हा साठा आटतो, पाणी निघून जाते आणि काटा झपाट्याने उतरतो. याच कारणाने जाहिरातींतले ‘आठवड्यात तीन किलो’ पूर्णपणे खोटे नसते. फक्त ती चरबी नसते आणि दोन दिवस पोटभर जेवले की ते वजन परत येते. मला वाटते, वजन कमी करणाऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान हा पहिला पंधरवडाच करतो, कारण पुढच्या प्रत्येक आठवड्याची तुलना त्याच्याशी होत राहते.

पुढचे तीन-चार आठवडे काटा जागचा हलला नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये वजन करायचे आणि आठवड्याची सरासरी काढायची, एवढेच मला सांगितलेले होते. त्या वहीकडे आज पाहिले तर गंमत कळते. नात्यातल्या एका लग्नात मसालेभात, अळूची भाजी, पापड, लोणचे आणि जिलेबी असे साग्रसंगीत जेवण झाले आणि दुसऱ्या दिवशी वजन सव्वा किलोने वाढलेले दिसले. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात. म्हणजे सव्वा किलो चरबी वाढायला रोजच्या गरजेवर साडेनऊ हजार कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. एका पंगतीत ते कोणालाही शक्य नाही. तो मिठाने धरून ठेवलेल्या पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा भार होता आणि तीन दिवसांत तो उतरला. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही दर महिन्याला असाच किलोभर चढ दिसे. माझी खरी घट आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅम होती आणि रोजचा चढउतार एक-सव्वा किलोचा. इतक्या मोठ्या लाटांखाली एवढी लहान घट रोजच्या काट्यावर दिसणे अशक्यच असते. चार-चार आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी मांडल्या तेव्हा कुठे ती दिसू लागली.

वेळ लागण्याचे दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. 7700 ला 250 ने भागले तर दर महिन्याला एक किलो, म्हणजे वर्षात जवळजवळ बारा किलो वजन उतरायला हवे. तसे होत नाही, कारण वजन घटले की शरीराचा रोजचा खर्चही घटतो: हलके शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते, कमी अन्न पचवायलाही कमी लागते आणि नकळत आपल्या हालचाली मंदावतात. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे गणित मांडले. रोजच्या खाण्यात कायमची सुमारे 24 कॅलरींची घट केली तर अखेरीस एक किलो वजन कमी होते, पण त्यातले निम्मे उतरायलाच साधारण एक वर्ष जाते आणि जवळपास सगळे उतरायला तीन वर्षे. माझ्या 250 कॅलरींना हा हिशेब लावला तर पहिल्या वर्षात पाच किलोंच्या आसपास आकडा येतो. बारा आणि पाच यांतला फरक ज्याला आधी माहीत असतो, तो चौथ्या महिन्यात निराश होत नाही.

मधल्या सणांबद्दल थोडेसे. नवरात्रातल्या उपवासांनी वजन मुळीच उतरले नाही, कारण साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट आणि तूप यांच्या एका बशीतच नेहमीच्या जेवणाइतक्या कॅलरी सहज होतात. दिवाळीत फराळ केला आणि खाल्लाही. फक्त चकली-चिवड्याचे डबे पाडव्यानंतर भरून वाटून टाकले.

याच काळात सासूबाई दर थोड्या दिवसांनी म्हणत, “अगं, तुझ्यात तर काहीच फरक दिसत नाही.” त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. चौसष्ट किलोंतले दीड-दोन किलो गेलेले दुसऱ्याला चेहऱ्यावरून कळत नाहीत. मला ते आधी शिवलेल्या ब्लाउजच्या हुकांवर कळले आणि संक्रांतीच्या सुमारास टेपने कंबर मोजली तेव्हा तीन सेंटिमीटरचा फरक होता, जरी त्या आठवड्यात काटा मागच्या आठवड्यापेक्षा वरच होता. ज्यांना थोडेच वजन कमी करायचे आहे, त्यांनी महिन्यातून एकदा टेप जरूर वापरावी, असे मी आवर्जून सांगेन. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटिमीटर धरतात आणि साखरेच्या दृष्टीने पोटाचा घेर एकूण वजनाइतकाच महत्त्वाचा असतो.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात माझी सरासरी 60 किलोंवर आली आणि बीएमआय 24 झाला. त्यानंतरच्या तपासणीत एचबीएवनसी 5.6 होते. डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले, पण तपासणी दर सहा महिन्यांनी करत राहण्यास सांगितले. बीएमआय 23 च्या आत आणायचा तर मला आणखी अडीच किलोंहून थोडे जास्त उतरावे लागेल. तेलाचा चमचा, चहातली साखर आणि सकाळचे चालणे तसेच ठेवून त्यासाठी मी पुढचे सबंध वर्ष धरले आहे.