मोबाईलवर घरीच ‘जी’ (गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण) मोजला, माझा अनुभव

मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिचा प्रश्न असा की बॉल वर फेकला की टोकाला वेग शून्य होतो, मग तिथे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, पण शून्य का नाही? पुस्तकात जी 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग लिहिलंय एवढ्याने तिचं समाधान होईना आणि मलाही तेवढ्यावर विषय सोडायचा नव्हता, म्हटलं चल, मोजूनच बघू.

मोबाईलच्या स्लो मोशनला सेकंदाला 240 फ्रेम, म्हणजे 24 फ्रेमचा 0.1 सेकंद. गच्चीवर भिंतीला मेजर टेप उभी चिकटवली, सीझन बॉल घेतला कारण प्लास्टिकचा हलका बॉल हवेने अडतो, आणि मोबाईल बराच लांब ठेवून झूम केला, जवळून घेतलं तर वरचे-खालचे आकडे तिरके वाचले जातात. उजेड उन्हाचाच हवा, ट्यूबलाईटखाली व्हिडिओ लुकलुकतो.

आधी नुसता सोडून बघितला. अडचण ही की बॉल नेमका कुठल्या फ्रेमला सुटला ते दिसतच नाही, पहिल्या 5 फ्रेममध्ये तो जेमतेम 2 मिलिमीटर खाली येतो. पण ती फ्रेम लागतच नाही! कुठूनही सुरू करा, दर 24 फ्रेमला टेपवरचा आकडा लिहा, लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा (म्हणजे त्या 0.1 सेकंदात बॉल किती सरकला) आणि मग त्या वजाबाक्यांमधला फरक काढा, तो दरवेळी 10 सेंमीच्या आसपास येतो. हिशोबाने 9.8 सेंमी यायला पाहिजे, त्याला 0.1 च्या वर्गाने भागलं की झाला जी. सुटल्या क्षणापासून मोजलं तर हीच अंतरं 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढतात, आणि गॅलिलिओने हे उतरत्या फळीवर गोळे सोडून, पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजून दाखवलं आणि 1638 साली छापलं, कॅमेरा नाही काही नाही, मला तर याचं फार कौतुक वाटतं.

मग बॉल वर फेकला. वर जाताना अधिक, खाली येताना वजा असं धरून दर 0.1 सेकंदात बॉल किती सरकला त्याचे आकडे आले +26, +16, +7, −3, −13, −23 सेंमी. टोक त्या +7 आणि −3 च्या मधेच कुठेतरी आहे, आणि फरक तिथेही 10च! त्वरण तिथे शून्य होऊन तसंच राहिलं असतं तर बॉल वरच लटकला असता ना, हे तिनेच मला आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं.

कुणी करून बघणार असाल तर प्रत्येक फ्रेमला बॉलची खालची कडच वाचा, वेग वाढला की बॉल पुसट दिसतो आणि सेंमीभर चूक सहज होते.