आयर्विनला किती?

“सर, जरा बोलायचं होतं.” सांगलीतल्या दुपारच्या पेंगेत मोबाइलवर असा मेसेज पडला की पुढची वीस मिनिटं गेलीच. रजा हवीय, राजीनामा आहे, की पंखा बंद पडलाय? “बोला” म्हणावं, तर वर नुसतं ‘टायपिंग’ दिसतं आणि नाहीसं होतं.

पावसाळ्यात याच सांगलीत कुणी कुणाला नमस्कारसुद्धा घालत नाही. “आयर्विनला किती?” “३८. चढतंय.” झालं. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. १९२९ च्या त्या पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे पोरांनाही पाठ. म्हणून ३८ ऐकल्यावर सखल सूर्यवंशी प्लॉटातला माणूस गाद्या माळ्यावर टाकायला लागतो आणि उंचावरच्या विश्रामबागेतला चहा गाळायला. ‘चढतंय’ मात्र गाळायचं नाही. उतरत्या ३८ ला कुणी गाद्या उचलत नाही.

कोयना धरणाचा निरोपही तसाच. ‘पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक.’ एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हा हिशेब काठावर कोण करत बसतो? तिथं हवी असते पाणी सोडायची वेळ, आणि ‘नदीवरच्या मोटारी काढून घ्या’ हे वाक्य. मोटार काढायची तर वायर सोडवा, पाइप सुटा करा, चार माणसं गोळा करा. निरोप अंधार पडल्यावर आला तर उतरणार कोण? घोटाळा होतो तो ‘आज’मुळे. ‘आज रात्री दरवाजे उघडणार’ हा मेसेज गेल्या वर्षीचा असला तरी आजचाच वाटतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं; तेव्हाचा एखादा फोटो तारखेविना फिरला, की गल्लीभर धावपळ.

कचेरीतल्या पत्राला ‘विषय’ असतो खरा. पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू झालं की तो बुडतो, आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही करावी’ एवढंच तरंगत राहतं. योग्य ती म्हणजे कोणती, कुणी, कधीपर्यंत? त्यातल्या त्यात ‘प्रत माहितीस्तव’ मला फार आवडतं. वाचा आणि गप्प बसा, हे इतक्या अदबीनं दुसरं कोण सांगणार! मेलच्या ‘सीसी’त मात्र बाराजणांना वाटतं, तेरावा करील.

‘मार्चचं बिल बुधवारी १२ पर्यंत सहीला द्या, नाहीतर पैसे पुढच्या महिन्यात.’ असं थेट लिहिण्यात उद्धटपणा कसला? नमस्कार घाला की, पण त्याच मेसेजात.

परत ‘टायपिंग’ दिसतंय.

“काही नाही सर. उद्या समक्षच बोलतो.”