रहिवास विभागातली नर्सरी

शहराच्या विकास योजनेत एखादा किरकोळ फेरबदल करायचा तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सुनावणी होते. तिला सहसा कोणी फिरकत नाही. राजपत्रात नोटीस निघते, वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत जाहिरात येते आणि हरकतींचा एक महिना कधी सरला ते आजूबाजूच्यांना कळतही नाही. ज्याची जमीन तो येतो, त्याचा आर्किटेक्ट येतो, सह्या होतात, संपलं. त्या दिवशी मात्र दालनाबाहेर जिन्यापर्यंत माणसं उभी होती. एवढी गर्दी झाली होती ती रोपं विकायच्या एका नर्सरीसाठी.

मी सांगलीत नगररचना विभागात रचना सहायक आहे. नकाशे, झोन दाखले, स्थळपाहणी आणि फाइलवरचे अभिप्राय, हे माझं रोजचं काम. या प्रकरणाची पाहणी माझ्याकडे होती आणि सुनावणीचं इतिवृत्तही मलाच लिहायचं होतं.

गावाच्या सखल अंगाला, जुन्या लेआउटच्या कडेला वीसेक गुंठ्यांचा मोकळा तुकडा. विकास योजनेच्या नकाशावर पिवळा, म्हणजे रहिवास विभाग. मालकीणबाई पन्नाशीच्या. सासऱ्यांनी घेऊन ठेवलेली जागा, कधीतरी घर बांधू म्हणून. पण मागचा निम्मा तुकडा पूररेषेच्या नकाशात निळ्या रेषेच्या आत. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत नवं बांधकाम होत नाही. त्यात २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्यानंतर पुढच्या अंगाला तरी घर बांधू, हा विचारही त्यांनी सोडला. जागा विकायला काढली तर पूर बघितलेलं गिऱ्हाईक भाव देईना.

बाईंना झाडांचा नाद. आधी मोगरा, जास्वंद, अनंत यांच्या छाटण्या घरच्याच पिशव्यांत लावून ओळखीच्यांना द्यायच्या. मग उरुळी कांचनहून रोपं आणू लागल्या, पुढे थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रक यायला लागले. शेडनेट उभी राहिली, सिमेंटच्या कुंड्या आल्या, कोकोपीटच्या विटा, खताच्या पिशव्या, दारावर पाटी. रविवारी गल्लीत गाड्या लागू लागल्या. कोणीतरी तक्रार केली आणि विनापरवाना वापराची नोटीस निघाली.

नोटीस हातात घेऊन त्या कार्यालयात आल्या तेव्हा खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या. “मॅडम, एक वीट तरी लावलीय का मी तिथं? बांधकामच नाही तर परवानगी कसली?” हा प्रश्न मला फार लोक विचारतात आणि तो रास्त आहे. पण १९६६ च्या नगररचना अधिनियमात जमिनीच्या वापरातला महत्त्वाचा बदल हासुद्धा विकासच धरलेला आहे, वीट लावा किंवा नका लावू. परसात रोपं वाढवली म्हणून कोणी विचारायला येत नाही. बाहेरून माल आणून, रोज दार उघडून, गिऱ्हाइकाला विकायचा म्हटलं की ते दुकान झालं. फळझाडांची कलमं विकायला कृषी खात्याचा परवाना लागतो, कीटकनाशकांना वेगळा लागतो. हे परवाने बाईंनी रीतसर काढलेले होते. जमिनीच्या वापराचंही असं काही असतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी एका सल्लागाराकडून अर्ज करून घेतला. त्यात मागणी होती, ‘रहिवास विभागातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट करणेबाबत.’ ठराव झाला, नोटीस प्रसिद्ध झाली आणि चाळीसवर हरकती आल्या.

सुनावणीआधी मी स्थळपाहणीला गेले. जूनचा पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंडवर महापुराची तपकिरी रेघ अजून दिसत होती, हात वर केला तरी पोचणार नाही इतकी उंच. तिच्याखाली हारीनं लावलेल्या काळ्या पिशव्या, त्यांत सोनचाफा, करवंद, चिकूची कलमं. प्लॉट गल्लीच्या रस्त्यापेक्षा चांगला कंबरभर खोल. आणि मुख्य म्हणजे गल्लीतलं सगळं पाणी वाहत येऊन त्या प्लॉटमध्ये साठत होतं. रोपांच्या हारींमधल्या चरांतून ते संथपणे मागच्या नाल्याकडे जात होतं. गल्ली कोरडी होती. मी लेव्हल घेणाऱ्या सर्व्हेअरला पुन्हा बोलावलं, रस्त्याच्या, प्लॉटच्या आणि नाल्याच्या तळाच्या पातळ्या घ्यायला लावल्या.

सांगलीत राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इथे काळ्या मातीचे ओत, म्हणजे पाणी वाहून नेणारे सखल पट्टे होते, नाले होते. पूर चढताना पाणी त्यांत शिरायचं, उतरताना त्यांतूनच निघायचं. त्यांतल्या कित्येकांवर मुरमाचा भराव पडला, वर प्लॉट पडले. आता साधा वळवाचा पाऊस झाला तरी उपनगरांत गुडघाभर पाणी, आणि ते आठवडाभर हलत नाही. तो वीस गुंठ्यांचा खोलगट तुकडा त्या गल्लीचं पाणी पोटात घेत होता. हरकतींच्या चाळीस कागदांत याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, आणि अर्जातही नव्हता.

सुनावणी सुरू झाली. पहिला तासभर डास, साप, शेणखताचा वास आणि ट्रक यांवरच गेला. एक बाई रडकुंडीला आल्या होत्या, त्यांच्या मुलाला आदल्या वर्षी डेंग्यू झाला होता. अर्जदार बाई म्हणाल्या, “कुंडीखाली बशी ठेवतच नाही मी, ताई. या की, तुम्ही स्वतः बघा.” ट्रकची तक्रार शंभर टक्के खरी होती. गल्ली सहा मीटरची, कडियमचा ट्रक त्यात वळत नाही, रिव्हर्स घेताना एकाच्या दारातला कट्टा फुटला होता. मी मुद्दे लिहून घेत होते आणि मनाशी दोन भाग करत होते: कशावर अट घालून इलाज होतो आणि कशावर होत नाही. डास, वास, ट्रक, पार्किंग यांवर होतो. अशा हरकतींसाठी प्रस्ताव फेटाळायची गरज नसते, त्या ऐकून कागदावर नीट अट लिहावी लागते.

मग एक निवृत्त शिक्षक उठले. सगळे त्यांना सरच म्हणत होते. हातात झोन नकाशाची झेरॉक्स, त्यावर लाल पेनानं केलेला गोल.

“वहिनी, तुमच्या झाडांना माझी हरकत नाही. माझ्या दारातला चाफा तुमच्याकडचाच आहे. पण हा नकाशा एकदा बदलला की तो तुमच्यापुरता बदलत नाही. उद्या तुम्हाला होईना, पोरांनी जागा विकली, तिथं मंगल कार्यालय आलं, लॉज आला. तेव्हा मी कुठल्या कागदावर हरकत घेऊ? तेव्हा ते लोक मलाच विचारतील, वाणिज्य झालं तेव्हा कुठं होता?”

दालन शांत झालं. इतकी वर्षं मी ज्या फाइली हाताळते त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा सरांनी एका दमात मांडला होता. अर्जदार कितीही सज्जन असो, विभाग बदलतो तो जमिनीचा. माणूस जातो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, नर्सरी बंद पडते. नकाशावरचा रंग तसाच राहतो आणि पुढचा मालक त्या रंगात जे जे बसतं ते सगळं हक्कानं मागतो.

सल्लागारांनी उत्तर दिलं की वाणिज्य झालं तर जमिनीची किंमत वाढेल, त्यात ताईंचाच फायदा आहे. त्यावर मागून आरडाओरडा झाला. बाईंचा मुलगा पुढे येऊन आईच्या कानात काही बोलू लागला. बाई सल्लागारांकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे मी मागितलंय ते नर्सरीचं नव्हतंच?” मग त्यांनी थोडा वेळ मागितला आणि अधिकाऱ्यांनी चहासाठी अर्धा तास सुनावणी थांबवली.

त्या अर्ध्या तासात मी पातळ्यांचा कागद साहेबांपुढे ठेवला. माझं म्हणणं सरळ होतं. तिथं वाणिज्य इमारत आली तर पहिल्या दिवशी भराव पडेल, रस्त्याच्या वर जोतं आणल्याशिवाय तिथं कोणी शटर बसवणार नाही. आज प्लॉटमध्ये उतरणारं पाणी मग त्याच चाळीस हरकतदारांच्या घरात शिरेल. उलट नर्सरीला भराव लागत नाही, उघडी माती लागते. त्या जागेसाठी याहून योग्य वापर शोधून सापडणार नाही. म्हणून नर्सरी मान्य व्हावी, वाणिज्य होऊ नये. कलम ३७ खाली हरकती ऐकल्यावर प्रस्तावात सुधारणा करून तो शासनाकडे पाठवता येतो. तेव्हा विभाग रहिवासच ठेवायचा आणि त्या गट नंबरपुरता, नकाशात दाखवलेल्या हद्दीत, रोपवाटिका व रोपविक्री हा एवढाच वापर अटींसह अनुज्ञेय करायचा. साहेबांनी पातळ्या दोनदा बघितल्या आणि म्हणाले, “हे सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा.”

मी भिंतीवर भाग नकाशा लावला आणि पेन्सिलीनं बाण काढून गल्लीतलं पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं. सर चष्मा काढून नकाशाजवळ आले. “म्हणजे २०२१ ला आमच्या मागच्या गल्लीत पाणी चढलं ते तिकडच्या भरावामुळं?” मी म्हटलं, पूर नदीचाच होता, पण उतरायला वाट राहिली नाही म्हणून ते इतके दिवस थांबलं. यावर मघाशी रडकुंडीला आलेल्या बाईच म्हणाल्या, “मग ही जागा अशीच राहू द्या की.”

अर्जदार बाई लगेच तयार झाल्या नाहीत, आणि ते मला योग्यच वाटलं. किंमत वाढणार म्हणून मुलानं मनात काही हिशेब धरला असणार, तो सोडायचा होता. त्यांनी विचारलं, “दरवर्षी परवानगीला यावं लागेल का मला? आज भरलेलं चिकूचं कलम विकायला कधी होतं माहितीय ना? वर्षाच्या बोलीवर हा धंदा होत नाही.” मी सांगितलं, नूतनीकरणाची अट घालणार नाही, नर्सरी आहे तोवर वापर राहील, नर्सरी बंद झाली की जमीन आपोआप नुसती रहिवास राहील, दुसरा कुठलाही व्यापार त्या परवानगीवर चालणार नाही. मुलाचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, “लिहा.”

मग अटींवर खरी ओढाताण झाली. पक्कं बांधकाम नाही, भराव नाही, चर बुजवायचे नाहीत, गिऱ्हाइकांच्या गाड्या प्लॉटच्या आत, यांवर कोणी अडलं नाही. खत आणि औषधांचा साठा तिथं ठेवायचा नाही, म्हणजे पुराच्या पाण्यात मिसळणार नाही, यावर बाई थोड्या कुरकुरल्या आणि दुसरीकडे गाळा घेऊन तिथं ठेवते म्हणाल्या. पुराचा इशारा मिळाला की रिकाम्या कुंड्या, पिशव्या, नेटचे पाइप उचलायचे, नाहीतर तेच वाहत जाऊन नाल्याच्या मोरीत अडकतात. ट्रकचं मात्र जमेना. मागच्या बाजूला बारा मीटरचा विकास योजना रस्ता आहे, तिकडून दार काढलं तर गल्ली मोकळी होते, पण मध्ये नाला. पाइप टाकून वर माती लोटायची तर पुन्हा पाण्याची वाट बंद. सरांनीच सुचवलं की पाइप नको, नाल्याची पूर्ण रुंदी मोकळी ठेवून वरून स्लॅब टाका. पाटबंधारे खात्याचं ना-हरकत पत्र घेऊन, स्वखर्चानं, असं त्यात साहेबांनी भर घातली. खर्चाचा आकडा ऐकून मायलेकांत पुन्हा कुजबूज झाली. शेवटी स्लॅब होईपर्यंत मोठा ट्रक गल्लीत आणायचा नाही, छोट्या टेंपोतून माल उतरवायचा, असं ठरलं. फुटलेला कट्टा बाईंनी बांधून द्यायचा हेही तिथंच ठरलं. ते इतिवृत्तात येत नाही, म्हणून मी लिहिलं नाही.

काही हरकतदारांनी शेवटपर्यंत सही केली नाही. त्यांची हरकत तशीच, त्यांच्या शब्दांत, मी प्रस्तावासोबत जोडली. सुधारित प्रस्ताव शासनाकडे गेला. पुढे नगररचना संचालकांचा अभिप्राय, मग मंत्रालयातून अधिसूचना, असा त्याचा प्रवास आहे. मंजुरी अजून आलेली नाही. बाई फाइल कुठवर आली ते विचारायला येतात, सरही येतात, दोघांनाही मी जावक क्रमांक लिहून देते. मंजुरी देताना अटींत फेरबदल करायचा अधिकार शासनाला आहे, कुठली अट राहील आणि कुठली गळेल ते माझ्या हातात नाही. म्हणून भराव न करण्याच्या अटीखाली मी पातळ्यांचा तक्ता आणि बाण काढलेला तो नकाशा जोडून दिला, आणि अभिप्रायात स्वतंत्र परिच्छेद करून लिहिलं की बाकी अटी कमीजास्त झाल्या तरी चालतील, ही एक अट वगळल्यास प्रस्तावास शिफारस नाही.